हळदीची कॅप्सूल आणि बाईंची कावीळ

गेल्या वर्षी माझ्या एक जुन्या रुग्ण, निवृत्त शिक्षिका, दवाखान्यात आल्या. भूक मेलेली, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे. बिलिरुबिन ९, एसजीपीटी हजाराच्या वर. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, सोनोग्राफी व्यवस्थित. "औषधं कोणती चालू आहेत?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. उत्तर आलं, "फक्त बीपीची गोळी."

चौथ्या दिवशी सूनबाईंनी सहज विचारलं, "डॉक्टर, ती हळदीची कॅप्सूल चालू ठेवायची का?" गुडघेदुखीसाठी तीन महिने सकाळ-संध्याकाळ एक-एक चालू होती. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते कुठं औषध? हळदच की ती!"

त्यांचं तरी काय चुकलं? पन्नास किलोमीटरवर सांगली, तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. हळद आपली, तिची भीती कशाला?

आणि हळदीत काही नाही असंही नाही. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं. एरवी ते दुसऱ्या एका प्रथिनाला दावणीला बांधल्यासारखं गप्प असतं. जंतू आला किंवा इजा झाली की दावं तुटतं, ते पेशीच्या केंद्रात शिरतं आणि सूज वाढवणारी रसायनं बनवायचा हुकूम सोडतं. हळदीतलं कर्क्युमिन हे दावं तुटू देत नाही. पण हे दिसलं प्रयोगशाळेत, पेशींवर थेट कर्क्युमिन टाकल्यावर.

तुमच्या-माझ्या पोटात गेलेल्या हळदीचं तसं होत नाही. तिच्यात कर्क्युमिन साधारण तीन टक्के. त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं, कारण आतडं आणि यकृत मिळून त्याचा लगेच निकाल लावतात. गुडघ्याच्या झिजेवर काही छोट्या चाचण्यांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं, तेही आमटीतल्या चिमटीने नव्हे, अर्काने.

म्हणून कॅप्सूल निघाल्या. पाचशे मिलिग्रॅम अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये सुमारे पाच चमचे हळदीइतकं कर्क्युमिन असतं. बऱ्याच जणी त्यात मिऱ्यातलं पायपेरिनही घालतात. १९९८ मध्ये बंगळूरुच्या संशोधकांनी दाखवलं, की पायपेरिनमुळे कर्क्युमिन रक्तात वीसपट पोचतं. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. यकृताने घातलेला बांध आपण फोडतो आहोत, हे नसतं.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. सात जणांत एकाच प्रकारचं जनुक सापडलं, एकाचा मृत्यू झाला. म्हणजे हे सगळ्यांना होत नाही. पण ते जनुक कुणात आहे, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. तेव्हा आमटीत, दुधात हळद खुशाल घाला. कॅप्सूल घेत असाल तर मला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा. आणि संधिवाताची मेथोट्रेक्सेट बंद करून ही सुरू करू नका. वाकडी झालेली बोटं नंतर सरळ करता येत नाहीत.

कॅप्सूल थांबवल्यावर बाईंचे रिपोर्ट पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. ते पहिले चार दिवस मात्र माझ्या खात्यावर आहेत. मी 'औषधं' विचारली होती, 'आणखी काय घेता?' विचारलं नव्हतं.

आता मी प्रत्येकाला घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगतो. परवा बाईंनी पिशवी टेबलावर ओतली. बीपीची गोळी, कॅल्शियम आणि गुळवेलीचा एक नवा कोरा डबा.

"ही पण नको?" त्यांनी विचारलं.