बन-मस्का आणि धपाटं

केजहून रात्रीची एसटी धरली, सकाळी मुंबईत. नांदूरघाटचा माणूस शहरात आला की आधी नातेवाईक गाठतो; मी या खेपेला हॉटेलं गाठायची ठरवली.

सुरुवात धोबी तलावाच्या कयानीपासून. १९०४ सालचं इराणी हॉटेल. लाल चौकड्यांचं टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या. बन-मस्का कसा खायचा ते शेजारच्या म्हाताऱ्याकडं बघून शिकलो: तुकडा तोडायचा, चहात बुडवायचा, आणि मऊ पडून तळाशी जायच्या आत उचलायचा. माझे पहिले दोन गेलेच. चहावर लोण्याचे पिवळे ठिपके तरंगत होते. आमच्याकडं चहात भाकरीसुद्धा चालते, पण लोणी? माय हसली असती.

दुपारी लोकलनं माटुंगा. स्टेशनजवळचं १९४२ पासूनचं रामा नायकांचं उडुपी. केळीच्या पानावर भाताचा ढीग, त्यावर रसम. ते पानभर पळायला लागलं, मी हातानं बांध घालत बसलो. शेतात पाणी वळवायची सवय अशी कामी आली!

संध्याकाळी मोहम्मद अली रोड. गर्दी, धूर, मालपुवा. पोटात जागा नव्हती, तरी खाल्ला. तो एक जास्तच झाला.

रात्री परतीच्या गाडीत झोप येईना. पनवेलच्या पुढं पिशवी उघडली. मायनं बांधून दिलेलं धपाटं, शेंगदाण्याची चटणी. कालचंच होतं, कडेला जरा वातड झालेलं. शेजारच्याला अर्धं दिलं. त्यानं विचारलं, "कुठल्या हॉटेलातलं?"