ज्ञानेश्वरीची वेलांटी

गेल्या उन्हाळ्यात ताई भाचीला घेऊन भोपाळहून इंदूरला आली, तेव्हा मी एक छोटा शब्दखेळ तयार करून ठेवला होता. आईनं शब्द टाइप करायचा, अक्षरं पडद्यावर विस्कटणार, भाचीनं ती जुळवायची. भाचीची शाळा हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरात. आईचा यामागचा हेतू वेगळा सांगायला नको.

‘आंबा’, ‘पाटी’ झाल्यावर आईनं ‘ज्ञानेश्वरी’ टाकला. पडद्यावर आलं ‘ज्ञानेश्वर’ आणि पुढे एक रिकामा चौकोन.

“अरे, वेलांटी कुठं गेली?” आई म्हणाली. भाचीनं मात्र निकालच दिला, “मामा, इंग्लिशच ठेव ना. मराठीत काहीतरी बिघडतंच.”

ते लागलं. चूक माझी असेल, फाँटची असेल, पण नऊ वर्षांच्या मुलीनं ती भाषेच्या नावावर टाकली होती.

खेळ ज्या लायब्ररीवर उभा होता तिचं काम असं, की एकदा लिहिलेला प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालावा. खिडकी उघडणं, चित्र, आवाज, कीबोर्ड हे ती सांभाळते. या घराण्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे एसडीएल, सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली सुरू केलेली. मी वापरत होतो ती तिच्यापुढे अगदी लहान, पण तिचाही कोड खुला.

दोन संध्याकाळी मी फाँटलाच दोष देत बसलो. ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर तोच शब्द नीट उमटला, त्यानं आणखी गोंधळ वाढला. मग लक्षात आलं: तिथं मी इनस्क्रिप्टनं टाइप करतो, एकेक अक्षर सुटं पोचतं. घरच्या लिनक्सवर आई रोमन अक्षरांत लिहून स्पेस दाबते आणि अख्खा शब्द एकदम जातो. लायब्ररी तो ३२ बाइटच्या डब्यात भरत होती. शेवटची बाइट समाप्तीच्या शून्याची, म्हणजे उरल्या ३१. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, हलन्ताचा पाय धरून. ज्ञानेश्वरी सोडवून मोजा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. अकरा चिन्हं, ३३ बाइट. दहा बसली, अकराव्याचा एक तुकडा आत राहिला आणि बाकीचा गेला. तो तुकडा म्हणजे चौकोन. हिंदीचं, तमिळचंही हेच झालं असतं. इंग्रजीत सहसा एवढा लांब शब्द कोणी लिहीतच नाही, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं.

मी डबा ६४ चा केला आणि मोठ्या दिमाखात दुरुस्ती पाठवली. ती परत आली. डब्याचं माप बाहेरच्या प्रोग्रॅमनी गृहीत धरलेलं असतं, ते बदललं तर आधीच तयार झालेले खेळ कोसळतील. बरोबरच होतं, जरा ओशाळलो. दुसऱ्या वेळी माप तसंच ठेवलं. अक्षराच्या पुढच्या बाइट ‘१०’ या दोन बिटांनी सुरू होतात, म्हणून अक्षर कुठं सुरू झालं ते ओळखता येतं. तिथपर्यंत मागं यायचं, तेवढंच पाठवायचं, उरलेलं पुढच्या खेपेला. जेमतेम पंधरा ओळी. सोबत चाचणी हवी म्हणाले, तर चाचणीत ‘ज्ञानेश्वरी’ हाच शब्द घातला. तपासणाऱ्यानं अर्थ विचारला. तो सांगायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

दुरुस्ती आत गेली तोवर शाळा सुरू झाल्या होत्या. नवा खेळ भोपाळला पाठवला. रविवारी व्हिडिओ कॉलवर भाचीनं आजीला शब्द घातला, ‘श्रीखंडपुरी’. बोटांवर मोजून आधीच मला सांगितलं होतं, “मामा, हे पण अकरा आहेत.” सगळा शब्द आला, वेलांट्यांसकट.

आईचं म्हणणं, हा एक शब्द नाही, दोन आहेत, गुण मिळणार नाहीत. ते भांडण अजून सुरू आहे.