दमा आणि मन

आमच्या पेडणे-डिचोलीकडे दम्याच्या माणसाला औषधाआधी एक वाक्य मिळते, "तिका कायच ना, सगळें मनाचें!" माझ्या आईने हे वाक्य जन्मभर ऐकले. तिचे माहेर पेडण्याचे, सासर डिचोलीचे. पावसाळ्यात भिंतींना बुरशी आली की तिचा दमा उठायचा, ते सगळ्यांना पटायचे. पण घरात वाद झाला किंवा एखादी वाईट बातमी आली तरी तो तसाच उठायचा, आणि तेव्हा मात्र "नाटक करता" अशी कुजबूज व्हायची. पुढे पुढे तर धाप लागली की ती कुणाला दिसू नये म्हणून मागीलदारी जाऊन बसू लागली.

मी सरकारी कारकून, शिक्षण कलाशाखेचे. वैद्यकशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण आईचा दमा खरा की मनाचा, या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, म्हणून जमेल तसे वाचत गेलो.

1968 साली अमेरिकेत ल्युपारेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 दमेकऱ्यांना साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा ओढायला दिला. सांगितले मात्र असे, की यात तुम्हाला बाधणारा पदार्थ आहे. 19 जणांच्या श्वासनलिका खरोखरच आकसल्या, 12 जणांना तर पुरता झटका आला. मग तेच पाणी औषध म्हणून दिल्यावर त्या मोकळ्या झाल्या! म्हणजे भीती मनातली असली तरी आकसलेली नळी खरीच होती. मेंदूकडून छातीत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेतून हा निरोप श्वासनलिकेपर्यंत पोचतो. शिवाय रडताना, रागावताना श्वास जलद होतो, धाप वाढते, धापेने भीती वाढते आणि भीतीने पुन्हा धाप.

मग दमा मनाचाच म्हणायचा का? नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, म्हणून त्या नको तितक्या हळव्या झालेल्या असतात. भावना ही ठिणगी, पण दारू आधीच भरलेली असते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खरा पंप, खोटा पंप आणि खोटे ॲक्युपंक्चर, तिन्हींनी रुग्णांना जवळजवळ सारखेच 'बरे वाटले'. पण मोजले तेव्हा खऱ्या पंपाने श्वासाची ताकद 20 टक्क्यांनी वाढली होती, बाकीच्यांनी सुमारे 7 टक्केच, काहीच न करण्याइतकी. बरे वाटणे आणि बरे होणे यांत एवढे अंतर आहे.

आम्हा डिचोलीकरांना हे वेगळे सांगायला नको. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांची लाल धूळ घरात यायची. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, धूळ बसली, पण ट्रकांच्या हप्त्यांची काळजी घराघरांत शिरली. दमेकऱ्याला धूळ बाधते तशी काळजीही बाधते.

नवल वाटते ते आपल्या लोकांचे. पेडण्याच्या पुनवेला झपाटलेली समजली जाणारी माणसे देवासमोर आणली जातात, आणि त्यांच्या मनाचा त्रास सारा गाव गांभीर्याने घेतो. तोच गाव घरातल्या बाईचा श्वास कोंडला की "मनाचें" म्हणून हात झटकतो! मनाचे म्हणजे खोटे, हे आपण कुठून शिकलो?

वाचकहो, तुमच्या घरी कुणी दमेकरी असेल तर सूज उतरवणारा पंप डॉक्टरांनी सांगितला तसा नियमाने चालू राहू द्या, बरे वाटते म्हणून मध्येच सोडू देऊ नका. आणि भांडणानंतर धाप लागली तर ती खरी की खोटी याची चौकशी नंतर करा. आधी एवढेच विचारा, "पंप खंय आसा?"