ओल तुटू न देता

फायबरग्लास कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवीही लागत नाही. वसईत लहानाचे मोठे झालेल्या आम्हा दोघांना ही गोष्ट जवळजवळ अन्यायाची वाटते. आमच्याकडे लाकडाला वाळवी, लोखंडाला खारा वारा आणि भिंतीला चार महिन्यांचा पाऊस हा ठरलेलाच. म्हणून तर नाताळच्या आधी घराला चुन्याचा हात दिल्यावाचून सण जवळ आल्यासारखे वाटत नसे. फायबरग्लासचे वय मात्र केवळ कांतीवर दिसते. ऊन खाऊन खाऊन त्याचा वरचा चकचकीत थर निस्तेज होतो आणि त्यावरून बोट फिरवले की बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. आत अंग धडधाकट असते. २०२२ सालच्या मे महिन्यात, कॅनडातील मिसिसागा येथील आमच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या कॅम्पर ट्रेलरची अवस्था नेमकी अशी होती.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाची, दोन चाकांवरची छोटी खोली. या देशात उन्हाळा अल्पायुषी, म्हणून माणसे तो अधाशासारखी भोगतात. शुक्रवारी संध्याकाळ झाली की कुटुंबेच्या कुटुंबे सरोवरांकाठी मुक्कामाला निघतात. कोणी तंबू घेऊन, तर कोणी अशी खोली ओढत. आमचा ट्रेलर बोलर जातीचा, १९७४ सालचा. या बोलरची जन्मकथा मोठी गमतीची आहे. विनिपेग शहरातील रे ओलेको नावाच्या गृहस्थांनी आधी फायबरग्लासची हलकी मैलाटाकी घडविली होती. त्याच धर्तीवर माणसांना झोपता येईल असे काही करता येईल, हे त्यांच्या मनाने घेतले आणि १९६८ साली पहिला बोलर तयार झाला. आकार गोलसर, जुन्या इंग्रजी ‘बोलर’ हॅटसारखा, म्हणून नावही तेच. लांबी तेरा फूट, रिकामे वजन साडेचारशे किलोच्या आसपास; साधी मोटारही तो ओढू शकते. वरचे अर्धे कवच आणि खालचे अर्धे कवच असे दोन तुकडे साच्यातून काढून, नारळाच्या दोन वाट्या जोडाव्यात तसे कमरेपाशी जोडलेले. सांधा हा एवढाच, त्यामुळे गळण्याची भीती कमी. या ट्रेलरांचे मूळ उत्पादन १९८८ साली थांबले, तरीही ते रस्त्यावर अजून दिसतात.

तो घेण्याचे कारण आई. आमच्यापैकी एकीची ती आई, दुसऱ्याची सासू. हाक मात्र आम्ही दोघेही आईच अशी मारतो. बाबा २०२१ च्या जानेवारीत गेले. पुढच्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. परदेशी मुलांकडे आलेल्या आईबापांची दिनचर्या ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना अधिक सांगावयास नको. मुले कामावर जातात. घरात भांडी यंत्र धुते, कपडे यंत्र वाळवते. खिडकीबाहेर माणूस दिसत नाही. आई सकाळी रोझरी म्हणे, दुपारी पुन्हा रोझरी म्हणे आणि आम्ही परतेपर्यंत खिडकीशी बसून राही. तक्रारीचा शब्द तिने कधी काढला नाही, एकदाच म्हणाली, “तुमच्या घरात माझ्या हातांना काही नाही गं.”

तिला मिडलँडच्या हुतात्म्यांच्या तीर्थक्षेत्री न्यावे, सरोवराकाठी दोन रात्री राहावे, असे आमच्या मनात होते. तंबूत जमिनीवर निजणे तिच्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते. ट्रेलरात निदान पलंग असतो. एका वृद्ध गृहस्थांनी तीस वर्षे वापरलेला हा बोलर आम्हांला परवडेल अशा किमतीत दिला. त्याला रंग देण्यासाठी एका कारखान्यात विचारणा केली, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा ट्रेलरच्या किमतीहून मोठा निघाला. तेव्हा घरीच, हाताने रंगवायचे ठरले.

रंगकामात रंग लावणे हा सर्वांत लहान भाग असतो. आमचे तीन आठवडे केवळ पूर्वतयारीत गेले. आधी भांडी घासायच्या साबणाने सारे कवच धुतले. मग मेण काढण्याचे द्रावण घेऊन दोन फडक्यांनी पुसले. एक ओले, त्याच्या मागोमाग दुसरे कोरडे. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे चोपडलेले मेण न काढता पॉलिश पेपर घासला, तर तेच मेण ओरखड्यांत जाऊन बसते आणि पुढे तेथे रंग धरत नाही. त्यानंतर दिवे, क्रमांकाची पट्टी, झडपांची झाकणे काढली. खिडक्यांवर कागद लावून कडेने मास्किंग टेप चिकटविली. आतली कपाटे ज्या रिव्हेटांनी कवचाला जखडलेली असतात, त्यांतल्या सैल झालेल्या बदलल्या, कारण पाणी शिरले तर तेथूनच शिरते.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पुष्कळ होत्या. चीर नुसती वरून बुजविली तर हिवाळ्यात पुन्हा उघडते. म्हणून ती आधी टोकदार हत्याराने थोडी रुंद करून मगच इपॉक्सीची लांबी भरावी लागते. मग घासणे. प्रथम दोनशेवीस क्रमांकाचा कागद, मग तीनशेवीस, आणि तोही पाणी सोडत, म्हणजे भुकटी उडत नाही. काचेच्या तंतूंची ही भुकटी फुप्फुसांना वाईटच, पण कातडीलाही अशी डसते की खाजकुइली बरी. आम्ही दोघे संध्याकाळी कामावरून येऊन रात्री नऊच्या उजेडापर्यंत घाशीत असू. जूनमध्ये येथे सूर्य तोपर्यंत मावळत नाही. आई दारात खुर्ची टाकून बघत बसे. चौथ्या दिवशी ती बादली घेऊन आली आणि कोणी न सांगता, आम्ही घासलेल्या जागेवरचा राडा पुसू लागली.

रंग कोणता द्यायचा यावर घरात थोडे मतभेद झाले. आम्हांला अलीकडे दिसतो तसा राखाडी हवा होता. परंतु कमरेच्या सांध्यावरची पट्टी काढली तेव्हा तिच्याखाली तीन बोटे रुंदीचा मूळ रंग सापडला. अठ्ठेचाळीस वर्षे ऊन न पाहिलेला फिका निळा. वर पांढरा आणि खाली हा निळा, असेच ते मूळचे रूप. प्रश्न तेथेच मिटला. गावी असतो तर मरीयामातेचा रंग दिला म्हणून सर्वांनी वाखाणले असते. खरे कारण एवढेच, की तो त्याचा स्वतःचा होता.

नौकांना देतात तो पॉलियुरेथेन रंग आम्ही निवडला. त्यात दोन प्रकार असतात. दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून करावयाचा रंग अधिक टणक होतो, पण त्याच्या घट्टकात आयसोसायनेट असते. त्याचा फवारा घरच्या अंगणात मारणे म्हणजे श्वासाशी खेळ. त्याला बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा हवा. शेजारी मुले खेळतात, घरात आई. आम्ही एका डब्यातला, ब्रशने लावण्याजोगा रंग आणला आणि कोळशाच्या डब्या बसविलेले साधे मुखवटे घेतले. आईने तो मुखवटा चढविला, पातळाचा पदर खोचला आणि आरशात पाहून “हत्तीण दिसते,” म्हणाली. बाबा गेल्यानंतर तिला हसताना आम्ही बहुधा तेव्हाच प्रथम पाहिले.

ती ब्रश धरणार हे काही ठरलेले नव्हते. हाताने देऊनही फवाऱ्यासारखी सफाई यावी यासाठी नौका रंगविणाऱ्यांची एक जुनी रीत आहे आणि तिला दोन माणसे लागतात. पहिल्याने स्पंजाच्या लहान रोलरने दोन फूट रुंदीच्या पट्ट्यावर पातळ रंग पसरायचा. त्यात बारीक बुडबुडे राहतात. दुसऱ्याने लगेच मागून, जवळजवळ कोरड्या मऊ ब्रशच्या केवळ टोकाने त्यावरून एकदा हात फिरवायचा. बुडबुडे फुटतात, रंग आपोआप सपाट बसतो. दाब द्यायचा नाही, पुन्हा मागे वळायचे नाही. नव्या पट्ट्यातून आधीच्या पट्ट्याच्या ओल्या कडेत शिरायचे आणि हात न थांबविता उचलायचा. कड वाळली की सांधा कायमचा दिसतो.

जुन्या खिडकीच्या काचेवर आम्ही या रीतीचा सराव करीत होतो. आई पाहत होती. थोड्या वेळाने तिने ब्रश मागून घेतला.

“हे सारवणच आहे,” ती म्हणाली. “ओल तुटू द्यायची नाही, एवढेच.”

आणि खरोखरच ते सारवण होते. गावच्या घराची ओटी, खळे आणि आतल्या दोन खोल्या तिने लग्नानंतर कित्येक वर्षे शेणाने सारवल्या. कोपऱ्यापासून आरंभ करून दाराकडे मागे मागे सरकत यायचे, हाताचा एक फेर सुकायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा, मध्येच कोणी हाक मारली तरी उठायचे नाही. ऊन चढण्यापूर्वी उरकायचे, नाही तर सारवण तडकते. आम्ही डब्यावरच्या सूचना पुन्हा पुन्हा वाचून जे समजून घेत होतो ते तिच्या मनगटात होतेच. फरक एवढाच, की सारवणात हात अर्धवर्तुळात फिरतो आणि येथे तो सरळ न्यायचा. काचेवरच्या तिसऱ्या पट्ट्याला तोही सरळ झाला.

“तुम्ही रंग लावीत पुढे चला,” तिने जावयाला सांगितले, “मी मागून हात फिरवते. आणि तू, बये, ओघळ कुठे येतोय तेवढा बघ.” कामाची वाटणी ही अशी झाली.

प्रायमरचे दोन हात आणि रंगाचे तीन, असे सर्व मिळून पाच अर्धे दिवस लागले. रात्रीचे दव सुकल्यावर, सावली असलेल्या बाजूपासून सुरुवात करायची आणि दुपारी थांबायचे, कारण संध्याकाळचे दव ओल्या रंगाची चकाकी खाऊन टाकते. दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यायची, मग बारीक वॉटर पेपरने पुन्हा घासायचे. उंचावरचा भाग आई उभ्याने करी, खालचा लहान स्टुलावर बसून. मध्ये कोणी बोलत नसे. एका पट्ट्याला दीड-दोन मिनिटे मिळतात, तेवढ्यात बोलणे सुचत नाही. एकदा आतला दूरध्वनी बराच वेळ वाजत राहिला, गावचाच असावा; आईने मानही वळविली नाही.

दुसऱ्या हाताच्या दिवशी कापूस उडू लागला. येथे पॉप्लरच्या एका जातीची झाडे जूनमध्ये सावरीसारखा कापूस सोडतात. वारा नव्हता तरी तो तरंगत येऊन निळ्या रंगावर बसू लागला. तो वेचायला आम्ही बोट पुढे केले, तोच आईने मनगट धरले. ओल्या रंगातून उचलाल तर खड्डा राहील. वाळू द्या, उद्या घासताना निघून जाईल. खळ्यात कोंबडी चालून गेली तरी तेव्हाचे तेव्हा निस्तरायला जायचे नसते, हा तिचा दाखला. दुसऱ्या दिवशी कापूस निघाला, खूण राहिली नाही.

जुलैच्या मध्यावर, रंग पुरता कडक झाल्यावर, आम्ही निघालो. मिडलँड आमच्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर. १६४० च्या दशकात त्या भूभागात आणि त्याच्या आसपास प्राण दिलेल्या आठ हुतात्म्यांचे हे तीर्थक्षेत्र. त्यांतले जाँ द ब्रेबफ आणि त्यांचे येशूसंघीय सोबती ह्युरन-वेंडाट लोकांमध्ये राहिले होते. आठही जणांना १९३० साली संतपद मिळाले. पोप दुसरे जॉन पॉल १९८४ साली येथे येऊन गेले. ब्रेबफ १६४९ साली मारले गेले हे ऐकून आईने चटकन हिशेब केला: आपले गोन्सालो गार्सिया त्यांच्या बावन्न वर्षे आधीचे, १५९७ चे. त्या दोघांसाठी तिने एकेक मेणबत्ती लावली, आणि तिसरी लावली ती कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही.

मुक्काम जवळच्या अवेंडा उद्यानात, जॉर्जियन उपसागराच्या काठी होता. रात्री पाऊस झाला. आई पहाटे उठून बाहेर आली आणि ओल्या निळ्या कवचावरून तिने बोट फिरवले. पाण्याचे मणी घरंगळून गेले, बोटाला भुकटी लागली नाही. शेजारच्या तळावरील एका बाईंनी येऊन, एवढा गुळगुळीत फवारा कोणी मारला, असे विचारले. आम्ही आईकडे बोट दाखविले. बाईंना ते विनोदासारखे वाटले. आईला इंग्रजी प्रश्न कळला नव्हता. तिने त्यांना आत बोलावून चहा दिला.

नोव्हेंबरच्या आरंभी ती परत गेली. सामान बांधताना तो मऊ केसांचा ब्रश तिने मागून घेतला. आम्ही तो टर्पेंटाइनने धुतला, मग साबणाने धुतला, वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. नाताळच्या आठवड्यात शेजारच्या काकींनी फोनवर सांगितले, की ओटीच्या खांबांना या वर्षी तेलरंग आईनेच दिला. गड्याला तिने रोलर देऊन पुढे ठेवले होते.