पायडलच्या वेगाचा रस्ता

पेडगावहून परभणीला सायकलवर जायचं, तर घरून निघतानाच वाऱ्याचा हिशेब मनात असायचा. गाव शहराच्या पश्चिमेला. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की जाताना तो पाठीवर असे आणि वाट लवकर सरे. संध्याकाळी तोच वारा तोंडावर येई. त्यात कॅरिअरवर खताची पिशवी नाहीतर आठवड्याचा किराणा असला, की मांड्या भरून येत आणि गाव काही केल्या जवळ येत नसे. दिवाळीनंतर वारा फिरला की हिशेब उलटा. हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं, पायांना आपोआप कळत होतं. आज मोटारसायकलवर तोच रस्ता अर्ध्या तासात संपतो आणि वारा कोणत्या अंगाचा आहे, याची कुणाला गरजच पडत नाही.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात सायकल ही घरातली मोठी वस्तू होती. लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला, की सोयरीक चांगली झाली असं माणसं म्हणत. अ‍ॅटलस, हीरो, हर्क्युलिस ही नावं घरच्या माणसांसारखी घेतली जात. ज्याच्या घरी सायकल नव्हती, तो दुकानातून तासाच्या भाड्यानं आणायचा. पोरं ती दांडीखालून एक पाय घालून, कैची मारत शिकायची. सीटपर्यंत ढुंगण पोचायला अजून काही वर्षं असायची. पंक्चरवाल्याकडे पाण्याचं घमेलं, घासायला कानस, सोल्यूशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबचे कातरलेले तुकडे. पाण्यात बुडबुडा कुठून येतो, हे बघायला भोवती चार पोरं वाकून उभी. रिमचा आऊट काढणं हे तर कसबाचं काम. चाक फिरवत, एकेक स्पोक आवळत-सैल करत तो मिस्त्री बसला, की त्याच्याशी बोलायचं नसतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

ते रस्तेही आपोआप झालेले नव्हते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात हजारो माणसं दुष्काळी कामावर गेली. खडी फोडली, मुरूम टाकला, भराव घातले. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आमच्या भागातल्या कितीतरी कच्च्या सडका त्या वर्षी उपाशी माणसांच्या हातांनी झाल्या आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांच्यावरून सायकली चालल्या. सडक सोडून शेताच्या वाटेला लागलं, की मात्र काळ्या मातीचं राज्य सुरू होई. मोठा पाऊस झाला की ती माती चाकाला धरायची, मडगार्डमध्ये गच्च बसायची आणि चाक फिरेनासं व्हायचं. बाभळीची काडी मोडून चिखल खरवडायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचा. शेवटी चपला हातात आणि सायकल खांद्यावर. पाऊस उघडून वाट सुकली, की मग तिच्यासारखी गुळगुळीत वाट दुसरी नाही.

पांदणीतून सायकल चालवण्याचं सुख काही वेगळंच होतं. दोन्ही बाजूंना बोरी, बाभळी, मधूनच लिंबाचं झाड. धुऱ्यांवर तितर. ज्वारी निसवली, की माणूस सायकलसकट पिकात बुडून जायचा. पलीकडून कोण येतंय ते घंटीवरनं कळायचं. आता त्याच शिवारात सोयाबीन आहे. ते गुडघा-मांडीपर्यंत वाढतं, त्यामुळे शिवार लांबवर उघडं दिसतं. शेतकऱ्यानं सोयाबीनकडे वळण्यामागे हिशेब आहे, त्याला दोष नाही. पण ज्वारीच्या भिंतींमधून जाणारी ती वाट पिकाबरोबर गेली.

रस्त्यावर माणसंही भेटत. पहाटे दुधाचे कॅन अडकवलेले गवळी, दुपारी पोस्टमन, उन्हाळ्यात लाकडी पेटी बांधलेला गारेगारवाला, हंगामात मानवतला कापसाचा भाव विचारून येणारा एखादा. फेब्रुवारीत परभणीच्या दर्ग्याच्या उरुसाला तर दिवे बांधलेल्या सायकलींची रांग लागे. अनोळखी माणूस दिसला, की कुणीतरी वेग कमी करून विचारी, "कोण्या गावचं पाव्हणं?" आणि पुढच्या पाटीपर्यंत दोघं बरोबरीनं जात. पायडलच्या वेगात बोलता येतं. रेल्वेचा रूळ जवळ असेल तिथं मीटरगेजची गाडी धूर सोडत जायची आणि डब्याच्या दारातलं माणूस सायकलवाल्याला हात करायचं, इतक्या निवांतपणे ती जायची.

त्या दिवसांवर माझा जीव आहे. पण आठवणीत ते रस्ते डोळ्यांपुढे आणले, की एक गोष्ट टोचते. त्या सगळ्या सायकलींवर माणसं होती ती पुरुष. बाई असलीच तर कॅरिअरवर, पदर सावरत, एका बाजूला पाय सोडून. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचं तरी तीच सायकल, तोच चिखल. ज्या रस्त्याची आपण आठवण काढतो, तो गावातल्या अर्ध्या माणसांचा कधी झालाच नव्हता.

आज बघा. मोठे रस्ते रुंद झाले. रुंदीकरणात जुने लिंब, जुन्या चिंचा पडल्या. डांबराच्या, सिमेंटच्या रस्त्यावर मोटारसायकली, टिप्पर, उसाचे ट्रॅक्टर. मीटरगेज गेली, ब्रॉडगेजची गाडी वाऱ्यासारखी निघून जाते. सोनीपतची अ‍ॅटलस कंपनी 1951 ची. तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ती बातमी वाचून आमच्या पिढीतल्या अनेकांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. शहरात पहाटे हेल्मेट घालून गिअरच्या सायकली चालवणारी मंडळी दिसतात, त्यांचं कौतुक वाटतं. पण गावाकडे आज खरी सायकल कोण चालवतं? आठवी ते बारावीतली मुलगी. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. दप्तर पाठीवर, दोन वेण्या, तिघी-चौघी एका ओळीत गावाहून शाळेला जातात. आमच्या काळात हे चित्र नव्हतं. गेल्या पन्नास वर्षांत आमच्या रस्त्यावर घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती विचाराल, तर मी हीच सांगेन.

दुःख याचं, की सायकल मुलीच्या हाती आली तेव्हा रस्ता सायकलचा राहिला नव्हता. मागून हॉर्न वाजला, की त्या पोरी कडेच्या मुरमात उतरतात. आम्ही रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत गेलो.

इंग्लंडात हेच आधी घडलं. आजच्या रूपातली सायकल तिथल्याच कॉव्हेंट्रीत 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीनं बनवली. कुंपणाच्या झुडपांमधून जाणाऱ्या तिथल्या गावरस्त्यांवर दुसऱ्या महायुद्धानंतरही सायकलींची गर्दी होती. मग मोटारी आल्या आणि सायकली ओसरल्या. पुढे त्यांनी 2000 च्या वाहतूक कायद्यात अशा शांत गावरस्त्यांना वेगळी ओळख दिली. त्या रस्त्यावर पायी चालणारा, सायकलवाला, घोडेस्वार आणि मोटार, सगळ्यांचा हक्क सारखा धरायचा आणि मोटारीनं जपून जायचं. नॉरफोक आणि केंट परगण्यांत हा प्रयोग त्याआधीच करून पाहिला होता.

आपल्याकडे असे रस्ते नव्यानं शोधायला नकोत. 2021 मध्ये राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. त्यातून पांदणी मोकळ्या करून पक्क्या करायच्या आहेत. पैठणहून जालना, परभणीकडे येणारा जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे आणि कॅनॉलच्या कडेनं तपासणीची वाट असतेच. मोठ्या सडकेला समांतर, वाहनांच्या धबडग्यापासून बाजूला अशा या वाटा शाळेपर्यंत जोडता येतील.

म्हणून पांदण पक्की करताना ट्रॅक्टरची रुंदी मोजा, तशी सायकलचीही मोजा. कडेची बाभळ, लिंब ठेवता येईल तेवढी ठेवा. उन्हात शाळेतून परतणाऱ्या पोरीला ती लागणार आहे. शाळेजवळ पंक्चर काढणारं एक दुकान चालेल, एवढं पाहा, नाहीतर दोन महिन्यांत ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली दिसेल. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेण्याइतकं सोपं काम आहे आणि ते आमच्या पिढीनं पुढे होऊन करावं. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी आम्हाला रस्ता दिला होता. आम्ही तो या मुलींना द्यायचा आहे.