थोडंसं कूट

दर मे महिन्यात मी पुण्याहून भंडारदऱ्याला मुलांच्या कॅम्पवर हमालीला जातो (आमचा मॅनेजर ह्याला 'व्हॉलंटियरिंग' म्हणतो). चार दिवस, चाळीस मुलं, मोबाईलला रेंज नाही. ह्या वर्षी ताईचा आठ वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच येणार होता. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पुरळ उठून जाणारी नव्हे, श्वास कोंडणारी. दोन वर्षांपूर्वी चिक्कीच्या एका तुकड्याने त्याला आयसीयूत नेलं होतं. त्यामुळे ताईचं आधीचं उत्तर 'नाही'च होतं.

आता नगर जिल्ह्यातलं (२०२४ पासून अहिल्यानगर) जेवण आणि शेंगदाणा वेगळे करून दाखवा बघू! पोहे, खिचडी, ठेचा, कोशिंबीर, मासवडीचं सारण, वांग्याचा रस्सा... म्हणून एका वीकांताला आधीच जाऊन स्वयंपाकाच्या मावशींना भेटलो.

"मावशी, ह्या कोशिंबिरीत शेंगदाणे नाहीत ना?"

"नाय ओ दादा, एक दाणा नाय."

"मग हे पांढरं काय?"

"ते व्हय? कूट हाये थोडंसं."

मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात दाणा म्हणजे दाणा, आणि कूट म्हणजे मिठासारखं, मोजायचं नसतंच. आमच्या धंद्यात शून्य आणि 'थोडंसं' ह्यांतल्या फरकावर रात्री जागवल्या जातात, पण ते त्यांना कुठे सांगत बसू :-)

मग 'आहे का' विचारणं सोडलं. "काय काय टाकता ते एकेक काढून दाखवा" म्हटलं. त्यातून घाण्याचं शेंगदाणा तेल निघालं, खलबत्ता निघाला, मिक्सरचं भांडं निघालं. एका मुलाचं ताट वेगळं काढण्यापेक्षा चार दिवस सगळ्यांनाच बिनदाण्याचं जेवण द्यायचं ठरलं. डाव एकच असला की वेगळ्या ताटाला काही अर्थ नसतो. पाकिटांचं त्यामानाने सोपं. २०२०च्या लेबलच्या नियमांप्रमाणे ॲलर्जीचे घटक छापावेच लागतात. सुट्या फरसाणावर कोण छापणार? ते बंद.

सगळ्यांत अवघड निघाला खाऊ. आपण मुलांना वाटून खायला शिकवतो, आणि इथे सांगायचं की भाच्याला काही देऊ नका, त्यानेही घेऊ नये. दिलेलं नाकारणं म्हणजे उद्धटपणा, हे त्याच्या डोक्यात आजीने पक्कं बसवलेलं! शेवटी सगळ्यांचे डबे पहिल्याच दिवशी जमा करून घेतले.

आणि तरीही काही झालंच तर? परदेशात मुलांच्या दप्तरात ॲड्रेनालिनचं पेन असतं; ते शेंडीच्या मेडिकलमधे मागून बघा. ॲम्प्यूल मात्र स्वस्त असते. ताईने डॉक्टरांकडून वजनानुसार डोस लिहून आणला आणि ॲम्प्यूल-सिरिंज कॅम्पच्या नर्सकडे दिली. श्वासाला त्रास दिसला की लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन, मूल आडवं (आडवं पडून श्वास जड होत असेल तर बसतं), मग १०८. सेट्रिझिन देऊन वाट बघत बसायचं नाही, त्याने घसा उघडत नाही. लसीच्या रिॲक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनालिन ठेवतातच, पण घाटरस्त्याने तिथे पोचेपर्यंतची मिनिटं आपली असतात.

इंजेक्शन लागलं नाही. कूट नसलेलं वांगं अगदीच मिळमिळीत झालं होतं. मी सुचवलं, "मावशी, तीळ घाला." तर म्हणाल्या, "तीळ नगं. त्या दोन येण्यावालीला तिळानं ओठ सुजत्यात. म्या इचारलं समद्यांना."

फॉर्मवर हे कुठेच नव्हतं.