सामाईक विहीर

आमच्या सातबाऱ्यावर जमिनीची वाटणी झालेली आहे, विहीर मात्र सामाईक. एक दिवस पाणी आमचं, एक दिवस चुलत्यांचं. नारायणगावच्या घरून मी ज्या सर्व्हरवर काम करतो, त्याचा कारभार मला या विहिरीमुळेच लवकर समजला.

मशीन आयबीएमचं, १९८८ साली ‘एएस/४००’ नावाने आलेल्या घराण्यातलं. क्लायंटच्या सगळ्या ऑर्डरी, बिलं, गोदामातला माल त्यातच. या घराण्यात १९९९ मध्ये एका मशीनचे वाटे करायची सोय आली आणि २००१ मध्ये एका वाट्यात लिनक्स राहायला आलं. मेमरी वेगळी, रीस्टार्ट वेगळा. आमचं लिनक्स कोसळलं तरी शेजारी बिलं छापली जातात. उलट मात्र होत नाही, कारण आमची डिस्क त्यांच्याच साठ्यातला एक तुकडा आहे.

प्रोसेसर सामाईक. आमचा हिस्सा अर्धा. पण शेजाऱ्याचा न वापरलेला वेळही हायपरव्हायजर आम्हाला देतो आणि त्याला गरज पडली की काढून घेतो. विहिरीवर हे काम काकू करते. ‘आमचं भिजलं रे, घ्या मोटर!’

खरी गंमत डेटाची. तिथे डीबी२ हा डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिममध्येच विणलेला आहे. लिनक्सवरून ओडीबीसी ड्रायव्हरने विचारायचं. मधलं नेटवर्कसुद्धा व्हर्च्युअल, केबल नाहीच. पहिल्या क्वेरीला उत्तर आलं ते भुताने लिहिल्यासारखं. काही रकान्यांवर ६५५३५ असा शिक्का होता, म्हणजे ‘याचं रूपांतर करू नका’. इंग्रजी ‘ए’ आपल्याकडे हेक्समध्ये ४१, तिथे सी१. क्वेरीतच रकान्याचा कोड पेज सांगितला, तेव्हा ग्राहकांची नावं वाचता आली. तारखांची तऱ्हा निराळी: १२४०३१५ म्हणजे १५ मार्च २०२४. पहिला १ शतकाचा.

वाचायला ते मशीन अडवत नाही. ट्रान्झॅक्शन धरून लिहायला गेलं आणि त्या टेबलाला जर्नल नसेल, तर एसक्यूएल७००८ म्हणून परत पाठवतं. आधी फेरफार नोंदवायची वही दाखवा, मग हात लावा. तलाठी कार्यालय आठवतं.

आता वरून सूर निघालाय की सगळं रोज रात्री क्लाउडवर कॉपी करा, जुन्याला हात नको. मला हे पटत नाही. आमच्या टोमॅटो बाजारात कालच्या भावाने कुणी क्रेट उचलत नाही. गोदामातला कालचा साठा पाहून आज ऑर्डर कशी घ्यायची? माल जिथे मोजला जातो तिथेच विचारावं. आणि कॉपी केली तरी अर्थ कुठून आणणार? एका रकान्यात नुसतं ‘एक्स’ असतं. ते काय, हे टीममधल्या एका सरांनाच ठाऊक, आणि ते मार्चअखेर निवृत्त होतायत.

म्हणून रोज रात्री साडेनऊला मी त्यांना फोन लावतो. पाच रकाने विचारतो, लिहून घेतो. ‘एक्स’ म्हणजे माल परत आलाय, पण पैसे द्यायचे नाहीत. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नसतं.

कालचा पाचवा रकाना सगळीकडे रिकामाच होता. म्हटलं, ‘सर, हा कशाला ठेवलाय?’

‘लागेल म्हणून,’ सर म्हणाले.